शब्दाचं शेपूट

पडदाभर लाल रंग पसरला होता. ओल्या कापडाचा लाल. वाळताना जो हळूहळू मागे सरतो, पण ओलेपणी डोळ्यांत मावत नाही, तो लाल. वाऱ्यानं ते कापड एकदा फुगलं, एकदा दोरीवर बसलं, आणि गारठवून टाकणाऱ्या त्या थिएटरात, पॉपकॉर्नच्या लोणकढ्या वासामधून, मला उकळत्या रंगाचा आणि भिजल्या सुताचा वास खरोखर आला. परसातली कढई विझून आयुष्य लोटलं; मग तो वास इतकी वर्षं कुठे दडून बसला होता? नाकाचं स्मरण डोळ्यांच्या स्मरणाहून जुनं असावं.

ईरा, निनाद, रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर एका सुरात विचारलंत, आजी, सिनेमा कसा होता, आणि मी म्हणाले, लिहून कळवते. तुमची आजी प्रश्न उद्यावर टाकणाऱ्यांतली नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यावरसुद्धा चिठ्ठी असते. पण त्या दुपारपासून माझ्या मनातला एकही डबा जागेवर नाही.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तरी पुन्हा सांगते, कारण आता ती नीट सांगून ठेवणं मला गरजेचं वाटतं. आपलं घराणं रंगाऱ्यांचं. मराठी मुलखातून म्हैसुरात कधी आलो ते घरात कुणालाच सांगता येत नसे, पण माझ्या लहानपणी परसात कढई चढत असे आणि तिच्यापाशी माझी आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, पळी घेऊन बसलेली असे. ती माहेरीच राहायची. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. घरात विहीर असते, तुळस असते, तशी आत्या असते, इतकंच आम्हाला माहीत. तिची गोष्ट अशी: हुणसूरच्या रस्त्यावर, येलवालच्या अलीकडे, एक रंगारीण राहते. रोज ती एक पागोटं लाल रंगवते, दारासमोर वाळत घालते, आणि रंग कच्चा असल्यामुळे उन्हानं तो उतरतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कढई चढवते. वाटसरू विचारतात, बाई, पक्का रंग का देत नाहीस? ती म्हणते, पक्का दिला की काम संपलं. पागोटं कुणासाठी, ते मात्र ती सांगत नाही. बैलगाड्या जातात, मोटारी जातात, राजाचा हत्तीसुद्धा जातो. ती प्रत्येकाच्या डोक्याकडे निरखून पाहते आणि मान हलवते. अशीच म्हातारी होते. एका संध्याकाळी रस्त्याच्या टोकाला धूळ उठते. ती डोळ्यांवर हात धरते, दोरीवरचं पागोटं काढून घेते, आणि म्हणते, ‘मग.’ गोष्ट तिथेच थांबते.

इतर घरांत गोष्ट ऐकताना मुलं हुंकार देतात. आत्याला हुंकार चालत नसे. ‘हूं काय हूं? म्हशी आहात का रे? मग म्हणा,’ असा तिचा दम असायचा. प्रत्येक वाक्यानंतर आम्ही गल्लीतली सगळी पोरं एकदम ओरडत असू, मग? आवाज बारीक झाला की ती पळी खाली ठेवून गप्प बसे आणि आम्ही घसा ताणला की पुढे सरके. शेवटी मात्र आमचा शब्द तीच उच्चारी, आणि आम्ही निःशब्द होऊन घरोघर पांगत असू.

आपली घरची मराठी कानडीच्या मांडीवर वाढलेली. तिच्या शब्दांना मागे एक कानडी शेपूट असतं. आमच्या तोंडी ‘मग’ कधी तुटक नसायचं. ते ‘मगा’ व्हायचं, शेवटचा स्वर दोरीवरच्या कापडासारखा लोंबता राहायचा. पुढे मी इंग्रजी शाळेत गेले, पुस्तकांतून शुद्ध मराठी शिकले, आणि अशी सगळी शेपटं शिस्तीनं कापून टाकली. तुम्हाला मी गोष्ट सांगितली ती स्वच्छ ‘मग’ म्हणूनच.

त्या एका शब्दात मला केवढं औदार्य दिसे! मग, म्हणजे यापुढचं तुमचं तुम्ही सांगा. ज्या गोष्टीचं दार तिच्या सांगणारीनंच उघडं ठेवलं, तिच्यात कुणीही, कुठूनही शिरावं. म्हणून तर समुद्रापलीकडे बसून तुम्ही दोघं तिच्यात शिरू शकलात. ईरानं त्या पागोट्याचा पतंग केला आणि म्हातारीला चामुंडीच्या टेकडीवरून उडवून नेलं. निनादनं धुळीतून एक बस आणली, तिच्या ड्रायव्हरचं डोकं उन्हानं तापलं होतं म्हणून म्हातारीनं त्याला पागोटं बांधलं. तुमची मराठी दर वर्षी थोडी थोडी आटते आहे हे मला फोनवर ऐकू येतं. पण ही गोष्ट आटली नाही. तुमच्या-माझ्यामध्ये अखंड राहिलेली ती एकच वस्तू आहे, आणि म्हणूनच तिच्यावर सिनेमा निघतोय म्हटल्यावर मला आनंदाबरोबर भीतीही वाटली. पडद्यावर एकदा शेवट दिसला, की तुमच्या पतंगाचं आणि बसचं काय होणार?

गोष्ट सिनेमापर्यंत पोचवली ती अक्कानं. माझी थोरली बहीण हिनकलला राहते हे तुम्हाला माहीतच आहे. हुणसूर रस्त्यावरच्या जुन्या गोष्टी गोळा करत हिंडणारा एक तरुण दिग्दर्शक तिच्या दारी आला, आणि अक्कानं त्याला दुपारच्या दुपार बसवून, उपीट खाऊ घालून, कानडीत ही गोष्ट सांगितली. येलवालजवळ चित्रीकरण सुरू झाल्यावर आपल्या लोकांच्या फोनवर दुसरा विषय उरला नाही. मी चिंतांची पद्धतशीर तयारी केली होती: नटी फार कोवळी असेल, कढईत डब्यातला रंग ओततील, मध्येच गाणं येईल. यातली एकही चिंता खरी ठरली नाही. नटीचे हात कोपरापर्यंत लाल होते, नखांच्या कडांशी तो रंग आत्याच्या नखांशी बसायचा तसाच काळपट बसला होता. अंधारात मी आणि अक्का शेजारी शेजारी बसलो होतो. मागच्या रांगेत कॉलेजची पोरं जागा धरायला एकमेकांना हाका मारत होती, ‘मगा, सीट हिडको!’, ‘बा मगा, बा!’ हल्ली म्हैसुरातली पोरं मित्राला अशीच हाक मारतात; कानडीत मग म्हणजे मुलगा, पोरगा. मी मागे वळून डोळे वटारले. अक्का म्हणाली, ‘राहू दे गं, सुम्ने, उगीच ओरडतात.’

आणि मग तो शेवट आला. रस्त्याच्या टोकाला धूळ उठली. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला. धुळीतून एक माणूस चालत आला, तिशी ओलांडलेला, उघड्या डोक्याचा, आणि तिच्यासमोर उभा राहिला. तिनं पागोटं दोरीवरून काढलं, त्याच्या डोक्यावर ठेवलं, आणि म्हणाली, ‘मगा.’ पडद्याच्या तळाशी इंग्रजीत अर्थ उमटला: मुलगा.

बाळांनो, मी सुन्न झाले. थिएटरात लोक रडत होते. मागची वांड पोरं चिडीचूप होती. मला मात्र वाटत होतं, कुणीतरी माझ्या घरात शिरून उघडं दार आतून लावून घेतलं आहे आणि मी बाहेर उभी आहे. त्या पोराला कळलंच नाही, मी मनाशी म्हणत होते. मराठी ‘मग’ त्यानं कानडी कानानं ऐकला आणि जिला कुणी नव्हतं त्या बाईला मुलगा चिकटवून दिला! एका शब्दाच्या चुकीवर अख्खा सिनेमा उभा! धक्क्यातही मला, खरं सांगते, चूक सापडल्याचा इंग्रजी शाळेतला आनंद झाला. तो आनंद हिनकलला पोचेपर्यंत टिकला.

अक्का कॉफी ओतत होती. मी सगळं व्याकरण तिच्यापुढे मांडलं: मग हे अव्यय, मग म्हणजे नंतर, त्याला कोण समजावणार. तिनं ऐकून घेतलं. ‘त्यानं कुठे काय ऐकलं? मीच सांगितलं. मगा म्हणजे मुलगा.’

‘तू चुकीचं सांगितलंस, अक्का.’

‘हौदु, हो बाई. शाळा तुझी मोठी, चूक माझी.’ तिनं पेला माझ्यापुढे सरकवला. ‘सुमे, आत्याला मुलगा होता. गोत्ता?’

मला ठाऊक नव्हतं. सत्तरी उलटलेल्या बाईला आपल्याच घरातली ही गोष्ट एका दुपारी, कॉफीच्या पेल्यासमोर, प्रथम कळावी! आत्याला हुणसूरला दिली होती. नवरा गेला, सासरच्यांनी तिला माघारी धाडलं आणि नुकता पावलं टाकू लागलेला मुलगा, आपल्या घराचा वंश म्हणून, स्वतःकडे ठेवून घेतला. माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, त्याला आणायला गेले आणि रिकामे परतले. मुलाचा विषय निघाला की आत्या जेवण टाकायची, म्हणून आजोबांनी घराला सांगून ठेवलं, त्याचं नाव इथे काढायचं नाही. लेकीच्या मायेपोटीच सांगितलं. अक्का तेव्हा लहान होती, पण तिनं सगळं पाहिलं. मी पुढे जन्मले, आणि माझ्या वाट्याला ते घर आलं ज्यात तो मुलगा कधी नव्हताच.

‘मला कुणीच कसं सांगितलं नाही?’

‘सांगायला तू सापडायचीस कुठे? सदा पुस्तकात तोंड.’

‘तो कधी आला नाही?’

‘कुणास ठाऊक. रस्त्यावरून गेलाही असेल. ती ओळखणार कशी? तिनं पाहिला तेव्हा त्याच्या डोक्यावर धड केस नव्हते.’

मी विचारलं, त्याचं नाव काय होतं? ‘पुट्टा म्हणायचो,’ अक्का म्हणाली. ‘ छोटा म्हणून पुट्टा. खरं नाव आठवत नाही गं. सिनेमावाल्या पोरानंही विचारलं. मी म्हटलं, नाही माहीत. बिचाऱ्यानं मग आपल्या मनानं एक ठेवलं.’ मग पेले उचलता उचलता, जणू काही विशेष नाही अशा आवाजात, ती म्हणाली, ‘ती आपल्याला हूं का म्हणू देत नव्हती, तुला काय वाटतं?’

मला काय वाटत होतं? मला वाटत होतं ती शिस्त आहे. आत्याला मुलांचं अस्पष्ट बोलणं आवडत नाही, म्हणून ती आम्हाला पूर्ण शब्द म्हणायला लावते. पण ज्या घरात त्याचं नाव काढायची बंदी होती, त्या घराच्या परसात बसून, आजोबांच्या कानांदेखत, ती आम्हा सगळ्यांच्या तोंडून रोज त्याला हाक मारून घेत होती. मगा? आम्ही ओरडत होतो. मगा? आवाज बारीक झाला की ती थांबत होती, कारण एवढी बारीक हाक हुणसूरपर्यंत पोचणार कशी? आणि बंदी तरी कुठे मोडत होती? मुलं गोष्ट ऐकत होती, इतकंच. दोन भाषांच्या फटीत तिनं आपला मुलगा असा ठेवला होता, की ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो दिसावा आणि माझ्यासारखीला त्या जागी नुसतं उघडं दार दिसावं.

त्या दिग्दर्शकावरचा माझा राग गेला, असं मी म्हणणार नाही. तो शेवट इतका सरळ दाखवायला नको होता असं मला अजून वाटतं, आणि आत्यानं आयुष्यभर झाकून ठेवलेलं असं पडदाभर उघडं करायचा अधिकार अक्काला होता का, यावर आम्ही दोघी त्या दिवसापासून रोज फोनवर भांडतो आहोत. अक्का म्हणते, झाकलं होतं ते आजोबांसाठी, आजोबा गेले, अष्टे, एवढंच. मला एवढंच कळतं, की कुणीतरी त्या मुलाला अखेर रस्त्यावरून चालवत आणलं, त्याला एक चेहरा दिला, उसनं का होईना एक नाव दिलं. आम्ही, त्याच्या रक्ताच्या माणसांनी, तेवढंही केलं नव्हतं.

मी तुम्हाला लिहिणार होते की हा सिनेमा पाहू नका. पाहा. तुमचा पतंग आणि तुमची बस तशीच राहू द्या; निनादचा तो ड्रायव्हरही कुणाचा तरी मुलगाच आहे. माझी मागणी फक्त एकच. फोनवर मी गोष्ट सांगत असते तेव्हा तुम्ही हल्ली कंटाळून ‘हं’ म्हणता, कधी तर नुसती मान हलवता. तसं करू नका. मग म्हणा, आणि मी तुम्हाला शिकवलं तसं शुद्ध नको. शेवटचा स्वर कापू नका, लांबू द्या. जरा मोठ्यानं म्हणा. तुम्ही फार लांब राहता.