पत्र्याच्या पेटीतलं वाय-फाय

आमच्या जुनवानीच्या घरात विजेवर चालणाऱ्या तेवीस वस्तू आहेत. मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळ्या मोजून तेवीस. त्यातल्या प्रत्येकीनं बिघडायला माझा रविवारच निवडलेला आहे. पाण्याचं फिल्टर आधी टूं टूं करतं, मग दिवसभर थेंब थेंब पाणी देतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरायचं राहिलं तर ती दोन महिने रुसते. टीव्हीच्या डब्ब्याला दर थोड्या दिवसांनी नवं सॉफ्टवेअर हवं असतं, आणि ते उतरवून झालं की आईचं मराठी चॅनल जुन्या नंबरावर सापडत नाही. मग आई रिमोट माझ्यापुढे धरून म्हणते, "कावून रे बापू, याले चांगलं चालून राहिलेलं पाहवत नाही का?"

मी इथल्या पोलादाच्या कारखान्यात वजनकाट्यांवर काम करतो. मालगाडीचे डबे काट्यावर येतात, त्यांचं वजन पडद्यावर उमटतं, आणि तो आकडा खरा आहे की नाही हे पाहणं माझं काम. एकोणतीस वर्षं तेच केलंय. त्यामुळे घरातही एखादी वस्तू बिघडली की मी आधी वही काढतो. माझ्या बायकोला याचा राग येतो. तिचं म्हणणं, आधी दुरुस्त करा, मग लिहा. माझं म्हणणं, लिहिल्याशिवाय काय दुरुस्त करायचं ते कळणार कसं?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातल्या वाय-फायनं या दोन्ही म्हणण्यांची परीक्षा घेतली.

बायको सतरा वर्षं एका खाजगी शाळेत गणित शिकवत होती. ती शाळा बंद पडली, आणि त्यानंतरची तीन वर्षं ती घरीच होती. घरी राहणं तिला मानवत नव्हतं. भाजीवाल्याशी भाव करतानासुद्धा ती त्याला टक्केवारी समजावून सांगायची. मग तिला इंटरनेटवरून शिकवणी घेणाऱ्या एका कंपनीची जाहिरात दिसली. तिनं अर्ज केला, लेखी परीक्षेत पास झाली, आणि नमुन्याचा एक वर्ग घ्यायला तिला बोलावणं आलं. म्हणजे लॅपटॉपसमोर बसून पलीकडच्या तीन परीक्षकांना विद्यार्थी समजून शिकवायचं.

नवव्या मिनिटाला तिचं चित्र गोठलं. अकराव्या मिनिटाला संपर्क तुटला.

कंपनीनं सभ्यपणे कळवलं की पुढच्या रविवारी सकाळी अकराला आणखी एक संधी देऊ. मोबाइलच्या डेटावर वर्ग चालणार नाही, घरचं ब्रॉडबँडच हवं. आणि याही वेळी संपर्क तुटला तर अर्ज बंद. हे पत्र तिनं मला वाचून दाखवलं नाही. लॅपटॉप माझ्यासमोर उघडा ठेवला आणि कुकर लावायला गेली.

आता पेटीबद्दल सांगायला हवं. आमचं पहिलं घर मरोद्याला होतं, कारखान्याच्या अगदी जवळ. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता यायचं, एवढी काळी धूळ. कारखान्यात तर कुठलंही यंत्र उघडं नसतं. प्रत्येक यंत्र जाड पत्र्याच्या पॅनेलमध्ये, रबराची पट्टी लावलेल्या दारामागे, कुलपात. म्हणून जुनवानीला आल्यावर इंटरनेट घ्यायचं ठरलं तेव्हा राउटर येण्याआधीच मी त्याची पेटी बनवून घेतली. अठरा गेजचा पत्रा, पंधरा इंच बाय दहा इंच, खोली सहा इंच. खाली हवेसाठी जाळी आणि तारेसाठी छिद्र, दाराला रबर, वर राखाडी रंग. बैठकीच्या भिंतीवर चार बोल्टांनी बसवली. नातेवाईक आले की मी ती दाखवायचो. दीड वर्षात राउटरवर धुळीचा कण नव्हता. नेटही आम्ही बैठकीत, पेटीच्या समोर बसूनच वापरायचो.

पत्र आलं त्या दिवसापासून मी वही सुरू केली. रोज सहा वेळा नोंद. राउटरचे दिवे किती, कोणत्या रंगाचे, मोबाइलवर गती किती, तेव्हा कूलर चालू की बंद, फ्रिज चालू की बंद. माझा संशय कूलरवर होता. त्याची मोटर सुरू होताना वीज क्षणभर दबते, त्यानं राउटर बंद पडत असेल. पण चार दिवसांत चोवीस नोंदी झाल्या आणि चोवीसही उत्तम निघाल्या. तीन हिरवे दिवे, गती नव्वदच्या वर. कूलर चालू असो की बंद, फरक शून्य.

बायको रोज संध्याकाळी मागच्या खोलीत सराव करायची. तिचा पांढरा फळा तिथल्याच भिंतीला ठोकलेला आहे. रायपूरला राहणारी तिची बहीण विद्यार्थिनी व्हायची. बाहेर बैठकीत मला सरावाचा आवाज ऐकू यायचा. दोन वाक्यं गणिताची आणि मग, "ऐकू आलं का? काय म्हणते? अगं, तूच कापून कापून येऊन राहिली!"

चौथ्या दिवशी ती बाहेर आली. "पुन्हा गेलं."

"माझ्या वहीत तर एकदाही गेलेलं नाही," मी म्हणालो.

"म्हणजे माझी बहीण खोटं बोलून राहिली?"

"तिच्याकडचं नेट खराब असेल."

"आणि त्या तीन परीक्षकांकडचंही? तिघांचंही एकाच मिनिटाला?"

मी मोबाइल उचलला आणि इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवली. इंटरनेटवाला दुसऱ्या दिवशी आला. माझ्याच वयाचा, शेजारच्या कोहक्याचा माणूस, खांद्याला शिडी. त्यानं पेटीचं दार उघडलं, मोबाइलवर गती मोजली आणि म्हणाला, "साहब, लाइन तो एकदम चकाचक है." मग पेटीवर टकटक केलं. "ये डब्बा किसने बनाया? बहुत मजबूत है."

मी त्याला गेज सांगितलं.

"मजबूत तो है, लेकिन इसको थोड़ा खुल्ले में..."

"खुल्ले में धूल," मी म्हणालो, आणि त्याला मरोद्याच्या धुळीबद्दल चांगली दहा मिनिटं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, माझी सही घेतली, शिडी उचलली आणि गेला. त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही, हे मला तेव्हा लक्षातसुद्धा आलं नाही.

शुक्रवार उजाडला. हातात दोन दिवस. बायकोनं जेवणात मीठ घातलं नव्हतं आणि तिला ते कळलंही नाही. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाय बापू, तिले पुन्हा नाही म्हटलं त्यायनं, तं ती पुन्हा अर्ज करनार नाही. मी वळखते तिले."

तेही मला माहीत होतं. लॅपटॉपला थेट तार लावावी, असा माझा विचार होता, पण तिच्या पातळ लॅपटॉपला तारेची जागाच नाही. ते जोडणारं यंत्र दुकानात नव्हतं. मागवलं तर मंगळवारी येणार होतं.

त्या संध्याकाळी तिनं एक गोष्ट केली, जी मी पाच दिवसांत केली नव्हती. सराव करताना तिनं घड्याळ समोर ठेवलं, आणि बहीण "आता मस्त दिसून राहिलं" म्हणाली की ती वेळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली. बिघाडाची वेळ नाही, चांगलं चालल्याची वेळ. तासाभरानं ती बाहेर आली आणि माझ्याकडे हात पसरला.

"वही द्या."

दिली. मागच्या खोलीत नेऊन तिनं ती फळ्याच्या कोपऱ्याशी धरली. पाच वाजून दहा मिनिटं. पाच पस्तीस. सहा वाजता. तिच्या फळ्यावर तीन वेळा होत्या, माझ्या वहीत त्या तासाच्या तीन नोंदी. रविवार जवळ आला म्हणून त्या दिवशी मी नोंदी वाढवल्या होत्या. मिनिटं जुळत होती.

"तुम्ही नोंद घेता तेव्हाच चालते," ती म्हणाली. "नोंद घेताना काय करता?"

"काय करणार? पेटी उघडतो, दिवे पाहतो, गती मोजतो."

"आणि मग?"

"मग पेटी लावतो."

वर्गात पोरगं उत्तराच्या जवळ आलं की शिक्षक जसा थांबतो, तशी ती थांबली.

एकोणतीस वर्षं मी काटे तपासले. त्या सगळ्या वर्षांत सिग्नल माझ्याकडे तारेतून आला, आणि तारेला पत्र्याशी काही देणंघेणं नसतं. पॅनेल उघडायचं, आकडा पाहायचा, पॅनेल लावायचं. हातालाच सवय. पण ही वस्तू तर हवेतून बोलणारी, आणि मी तिला चारी बाजूंनी पोलादात कोंडून, रबर लावून, वर कुलूप घातलं होतं. तिला श्वास घेता यायचा तो फक्त मी तिची तब्येत पाहायला दार उघडायचो तेव्हा. म्हणून वहीतली प्रत्येक नोंद खरी होती आणि वही अख्खी खोटी.

"थांब," मी म्हणालो. "एवढ्यावर सिद्ध होत नाही. वीस वेळा करू."

"करा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आठ दिवसांत पहिल्यांदा हसू होतं.

ती मोबाइल घेऊन मागच्या खोलीत उभी राहिली, मी पेटीपाशी. आई मधल्या दिवाणावर बसून दोन्हीकडे मान वळवत होती.

"उघडली!"

"चार रेघा!"

"लावली!"

"थांबा... एक!"

"उघडली!"

"चार!"

"लावली!"

"गेलं! पूर्णच गेलं!"

वीस वेळा. उघड्या पेटीला एकदाही तीनच्या खाली नाही, बंद पेटीला एकदाही दोनच्या वर नाही. सतराव्या वेळेला आई म्हणाली, "अरे, मलेबी समजलं आता. बस करा नं!" पण वीस म्हणजे वीस. विसावी नोंद झाल्यावर मला लाज वाटायला हवी होती. दीड वर्ष पाहुण्यांना अभिमानानं दाखवलेली माझीच वस्तू गुन्हेगार निघाली होती. पण खरं सांगतो, मला नाचावंसं वाटत होतं. एवढा स्वच्छ निकाल मला कारखान्यातसुद्धा कधी मिळाला नाही.

शनिवारी सकाळी राउटर बाहेर काढला. पेटीच्या दीड फूट वर लाकडी फळी ठोकली, त्यावर तो बसवला. मग इंटरनेटवाल्याला फोन करून काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "साहब, मैं वही तो बोल रहा था." मी म्हणालो, हो, आणि मी बोलू दिलं नाही, माफ करा. तो मोठ्यानं हसला. म्हणाला, "आपके मोहल्ले में तीन घर में ऐसे ही डब्बे हैं." तिन्ही घरं कारखान्यातल्याच लोकांची असणार, हे विचारायची गरज नव्हती.

शनिवारी संध्याकाळी दीड तास सराव झाला. बहीण वैतागून म्हणाली, "आता पुरे ना ताई, मले भाजी करायची आहे."

रविवारी अकराला पाच मिनिटं असताना बायकोनं मला मागच्या खोलीतून बाहेर काढलं. मी आणि आई स्वयंपाकघरात बसलो. मिक्सर बंद, टीव्ही बंद. आईनं तर पंखाही बंद केला. पंख्याचा काही संबंध नाही, हे मी तिला सांगितलं नाही. भिंतीपलीकडून बायकोचा आवाज येत होता. अपूर्णांकानं भागताना तो उलटा का करायचा, हे ती हिंदीतून समजावत होती. पाव किलोची पाकिटं, तीन किलो साखर. नववं मिनिट गेलं. अकरावं गेलं. बाविसाव्या मिनिटाला तिचा आवाज एकदम थांबला.

आईनं माझं मनगट धरलं. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. दहा सेकंद. वीस. चाळीस.

मग तिचा आवाज आला, "शाबाश! अब बताइए, बारह कैसे आया?"

तिनं परीक्षकाला गणित सोडवायला दिलं होतं.

पंचेचाळीस मिनिटं पुरी करून ती बाहेर आली. हाताच्या बोटांना मार्करची निळी शाई. ती आधी पाणी प्यायली, सगळा पेला, आणि मग तिनं सांगितलं. "उद्यापासून. आठवी आणि नववी. पाच दिवस, चार ते सहा."

"चार ते सहा?" आई म्हणाली. "अन् माह्या मालिकेचं?"

"आई, तुमची मालिका सातला असते."

"मंग घे," आई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

सोमवारी मी कामावरून लवकर निघालो. घरी पोचलो तेव्हा चारला दहा मिनिटं होती. बायको खोलीतून बाहेर आली ती कडक इस्त्रीची साडी नेसून, निऱ्या अगदी काटेकोर, शाळेत जाताना नेसायची तशी.

"अवं, लोकायले तं गळ्यापर्यंतच दिसनार हाय," आई म्हणाली.

"मले तं अख्खी साडी दिसते ना," ती म्हणाली, मागच्या खोलीत गेली आणि तिनं आतून दार लावून घेतलं.