पाणी बाधू नये म्हणून

बुक्कीनं फोडलेल्या कांद्याचा वास आला की मला सोलापुरातला पहिला दिवस आठवतो. लग्न होऊन मी निजामाच्या मुलखातून, करोडगिरीचा जकातनाका ओलांडून, भवानी पेठेतल्या एका खोलीत आले होते. खोलीला खिडकी नव्हती. गिरणीचा भोंगा तेवढा आत शिरायचा. सासूबाईंनी इथला कांदा फोडून माझ्या हातावर ठेवला. "खा पोरी. मग परक्या मुलखाचं पाणी बाधत न्हाय." मला तर ते बाधायलाच हवं होतं. सून तापानं फणफणली की तिला माहेरी धाडतात, एवढं मला ठाऊक होतं. त्या वळल्या तसा मी कांदा राखेच्या गाडग्यात खुपसला आणि वर तांब्याभर पाणी प्याले. मग रोज कपाळ चाचपून बघायची. ते आपलं गारच. एका सकाळी भांडी घासायला राख घेताना सासूबाईंच्या हाती तो वाळका कांदा आला. मी भिंतीला चिकटले. पण त्या रागावल्या नाहीत. कांद्यावरची राख झटकत हळूच म्हणाल्या, "मी नवी आले तवा म्या बी टाकला हुता. काय होत न्हाय, पोरी." आता माझे केस पिकलेत, पण माहेरी धाडावं असा ताप मला कधी आलाच नाही.