वेस्लीला कसला बॉल आवडतो?

तिसऱ्यांदा बॉल निसटला तेव्हा गॅरीने वेस्लीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. क्वार्टरबॅकच्या हातातून एकदा बॉल सुटला तर ती त्याची चूक. परत परत सुटायला लागला की सगळ्यांचं बोट आमच्या इक्विपमेंट रूमकडे. गॅरी या रूमचा डायरेक्टर आणि मी त्याचा असिस्टंट. बॉल तयार करणं माझ्याकडे.

मॅच आमच्याच ग्राउंडवर होती. ऑक्टोबरची गार हवा होती, पण पाऊस नव्हता. म्हणजे हवामानावर ढकलायचीही सोय नव्हती. स्टेडियममधली आमचीच माणसं आमच्याच मुलाची हुर्यो उडवत होती.

इथलं फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचं नव्हे. बॉल सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडे निमुळता. तो हाताने फेकायचा, आणि फेकणारा मुख्य माणूस म्हणजे क्वार्टरबॅक. नवा बॉल कारखान्यातून येतो तेव्हा त्यावर मेणाचा थर असतो, हातात धरला की सटकतो. म्हणून आम्ही ओलं फडकं मारतो, ब्रशने घासतो, क्रीम लावतो, वाळवतो, परत घासतो. प्रत्येक टीम आपापले बॉल वापरते, त्यामुळे ज्याला जसा हवा तसा करून देता येतो. कुणाला काळपट, मऊ हवा असतो. कुणाला खरखरीत. नागपूरचे नातेवाईक विचारतात, "अमेरिकेत काय करतोस?" मी सांगतो, "बॉल घासतो." त्यांना वाटतं गंमत करतोय.

खरं तर घरात इंजिनिअर आहे ती मीना, माझी बायको. डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या कंपनीत तिला नोकरी लागली आणि नागपूरला बर्डीवरचं वडिलांचं स्पोर्ट्सचं दुकान सोडून मी तिच्या मागून आलो. पुढे ग्रीन कार्ड झालं आणि जवळच्या युनिव्हर्सिटीत ही नोकरी मिळाली. कुणा देशी स्टुडंटने मला काका म्हटलेलं टीमने ऐकलं, तेव्हापासून सव्वासहा फुटी पोरंसुद्धा मला काकाच म्हणतात.

वेस्ली मात्र सर म्हणायचा. नवीन होता ना.

पूर्वी क्वार्टरबॅक एकदा आला की चार-पाच वर्षं आमचा असायचा. आता कॉलेजच्या खेळाडूंनाही रीतसर पैसे मिळतात, आणि ट्रान्सफर पोर्टल म्हणून एक प्रकार आहे. सीझन संपला की मुलाने त्यात नाव टाकायचं, दुसऱ्या स्कूलने उचलायचं; इथे युनिव्हर्सिटीलाही स्कूलच म्हणतात. जिथे खेळायला मिळेल, जिथे पैसे जास्त, तिकडे. पैसे मिळतात याबद्दल माझं काही म्हणणं नाही. एवढं स्टेडियम त्यांच्या जिवावर भरतं, मग त्यांना का मिळू नयेत? फक्त आमच्याकडे दर वर्षी नवा हात येतो. वेस्लीचं हे तिसरं स्कूल.

सोमवारी सकाळी कोच स्वतः खाली आला. हा माणूस एरवी आमच्या रूममध्ये पाऊल टाकत नाही.

"बॉलमध्ये काही प्रॉब्लेम आहे?"

"वेस्लीला आवडतात तसेच आहेत," मी म्हटलं.

"शनिवारी त्याला पहिला हाफ देतो. नाही जमलं तर पहिल्या वर्षाचा तो फ्रेशमन खेळेल, आणि मग तोच खेळेल."

कोच गेल्यावर गॅरी म्हणाला, "संपलं पोराचं. मध्येच बसवलेल्या क्वार्टरबॅकला पुढच्या वर्षी कोण घेणार? आपण ठेवणार नाही, दुसरं कुणी विचारणार नाही."

मला ते लागलं. पोराचा हात चांगला होता हो. प्रॅक्टिसला मी रोज बघत होतो. दहापैकी आठ बॉल असे जायचे की बघत राहावं. मग एखादा असा सुटायचा, जणू त्याच्या हातातला नव्हेच.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. नवा क्वार्टरबॅक आला की आम्ही त्याच्या आधीच्या स्कूलच्या इक्विपमेंटवाल्याला फोन करतो. मैदानावर दुश्मनी असली तरी आमची आपसात दोस्ती. वेस्ली आला तेव्हाही मी फोन केला होता. उत्तर मिळालं होतं, काळपट, भरपूर क्रीम मुरवलेला, मऊ. मी तसेच करत होतो. आता परत त्याच माणसाला फोन लावला.

"तुला हे त्याने सांगितलं होतं?"

"नाही रे. आम्हाला त्याच्या पहिल्या स्कूलने सांगितलं."

मग पहिल्या स्कूलला फोन. तिथे एक बाई आहेत, मुरलेल्या. त्यांना वेस्ली आठवायला जरा वेळ लागला.

"हां, वेस्ली! तो इथे तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक होता. पिशवीत असतील ते बॉल फेकायचा."

"मग तो मऊ, काळपट बॉल?"

"तो आमच्या सीनियरचा. पंजा असा होता त्याचा, कलिंगड एका हाताने उचलेल. त्याला मऊच लागायचा."

फोन ठेवला. वेस्लीचे हात त्याच्या उंचीच्या मानाने लहान. हे पोरगं तीन स्कूल दुसऱ्याच कुणाचा बॉल घेऊन फिरत होतं. ती पसंती त्याच्या मागोमाग फोनवरून येत राहिली, आणि मीही ती डोळे मिटून घेतली.

त्याला गाठलं. "वेस्ली, तुला बॉल कसा आवडतो?"

"आय ॲम गुड, सर. कसाही चालेल."

"मऊ आवडतो की खरखरीत?"

"तुम्ही द्याल तो. रिअली."

हे "चालेल" मी ओळखतो. मी नवीन आलो तेव्हा मीनाच्या ऑफिसच्या पार्टीत कुणीही काहीही पुढे केलं की मी हेच म्हणायचो. थंडगार सँडविच चालेल, बर्फ घातलेलं पाणी चालेल, एसीच्या तोंडाशी बसायलाही चालेल. नव्या माणसाला मागायची लाज वाटते. हा बिचारा तर दर वर्षी नवा. त्याला विचारून उपयोग नव्हता, कारण त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा मला डॅनी आठवला. मी नोकरीला लागलो तेव्हाचा आमचा क्वार्टरबॅक. मला काम शिकवलं ते त्याने. स्टाफ कमी, म्हणून दर गुरुवारी तो स्वतः येऊन बसायचा. गराज सेलमधून आणलेलं एक बुटकं स्टूल होतं, त्यावर तो, मी उलट्या केलेल्या क्रेटवर. "काका, या बाजूला अजून." "काका, बस, आता बिघडवाल." ब्रशचा आवाज, चामड्याचा वास, आणि त्याच्या गावच्या गप्पा. किती छान दिवस होते ते! त्याच्या लग्नाला मी आणि मीना गेलो होतो. तिथेही सगळ्यांना त्याने माझी ओळख काका म्हणूनच करून दिली.

आणि डॅनीच्याही मागे बाबा आठवले. आमच्या दुकानात नवी बॅट घेतली की मुलं म्हणायची, "काका, ठोकून द्या ना." बाबा लाकडी हातोडी त्याच मुलाच्या हातात द्यायचे आणि पायरीवर बसवायचे. तेल लावायचं, ठोकायचं, परत तेल. दुपारभर दुकानासमोर टकटक चालायची, शेजारचा साडीवाला वैतागायचा. बाबा म्हणायचे, "मी ठोकली तर बॅट माझी होईल. खेळायचंय त्याला."

मी गॅरीकडे गेलो. "गुरुवारी वेस्ली मला तासभर हवा."

"कशाला?"

"बॉल घासायला."

गॅरी हसला. "काका, त्याचा दिवस बघितलास का? मीटिंग, मॅचची फिल्म बघणं, ट्युटर, कुठल्या तरी जाहिरातीचं शूटिंग. त्याला फेकायचे पैसे मिळतात आणि तुला घासायचे."

"मग शनिवारी त्याला माझ्या घासलेल्या बॉलने घरी बसवा."

 गॅरीही डॅनीच्या वेळचाच. कोपऱ्यात पडलेलं ते स्टूल पायाने पुढे ओढत म्हणाला, "लंच ब्रेक घे. त्याहून जास्त नाही."

गुरुवारी वेस्ली सँडविच हातात घेऊन दारात उभा राहिला. मी त्याला स्टुलावर बसवलं. समोर कोरे बॉल, ओलं फडकं, ब्रश.

"काय करू, सर?"

"घास."

"किती?"

"ते तू सांगायचंस."

पहिला त्याने मी करायचो तसाच केला, काळा आणि मऊ. लाँड्रीच्या ट्रॉलीत फेकून बघितला, मान हलवली. दुसरा जरा कमी. तिसरा बिघडला. माझी जीभ नुसती वळवळत होती. असा नाही, तसा धर, असं शंभरदा तोंडावर आलं. पण बाबा पायरीवरच्या पोराला एक शब्द सांगत नसत, म्हणून मीही तोंड दाबून बसलो.

हात चालायला लागले तसा तो बोलायला लागला. म्हणाला, अपार्टमेंटमधले खोके अजून उघडलेले नाहीत. पहिल्या स्कूलमध्ये जी टेप लावली होती तीच अजून आहे, कारण परत बांधायचा कंटाळा येतो. 

पुढच्या बॉलवर त्याने फक्त शिवणीपाशी आणि दोऱ्यांच्या कडेला ब्रश मारला आणि थांबला. क्रीमला हातच लावला नाही. बॉल ठिकठिकाणी लाल, ठिकठिकाणी पांढुरका, अगदी खरूज झाल्यासारखा. मी तसला बॉल जन्मात कुणाला दिला नसता. त्याने तो फिरवला, परत फिरवला, ट्रॉलीत फेकला. मग उठून आणला आणि परत फेकला.

"हा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "काका, हा."

शुक्रवारभर मी तसलेच कुरूप बॉल करत होतो. गॅरी जाता येता नाक मुरडत होता.

शनिवारी पहिल्या हाफमध्ये त्याच्या हातून एकही बॉल निसटला नाही. दुसरा हाफही तोच खेळला आणि आम्ही जिंकलो. कोच माझ्याजवळून गेला, काही बोलला नाही. हा माणूस खूश असला की बोलत नाही, एवढं मला माहीत आहे.

त्यानंतर दर गुरुवारी वेस्ली येत राहिला. गरज नव्हती, आता मला ते बॉल डोळे झाकून करता येत होते. तरी यायचा, स्टूल ओढायचा. मीनाने केलेला चिवडा त्याने एकदा खाल्ला आणि मग मी डबाच न्यायला लागलो. एक दिवस म्हणाला, "दोन खोके उघडले."

मी घरी येऊन मीनाला म्हटलं, "हा राहील बघ. अजून एक वर्ष आहे त्याचं."

"राहतोय कशाला?" मीना म्हणाली. "नीट खेळत नव्हता तेव्हा राहिला असता. आता तू त्याला चांगला करून दिलास."

मीनाचं बरोबर निघालं. सीझन संपला आणि वेस्लीचं नाव पोर्टलमध्ये आलं. खूप मोठ्या स्कूलने त्याला उचललं, टीव्हीवर दर आठवड्याला दिसणाऱ्या. मला राग आला. उगीच कशाला सांगू की नाही आला? चांगला सणसणीत आला. त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी आणला.

मुलगा टीम सोडून गेला की लॉकर रिकामा करून घेणं आमचंच काम. वेस्लीने ते माझ्यावर ठेवलं नाही. हेल्मेट, पॅड, सगळं स्वतः घेऊन आला आणि टेबलावर नीट रचलं.

"काका, आर यू मॅड ॲट मी?"

"रागावलोय," मी म्हटलं. "पण जा."

मग त्याला सांगितलं की हे वाक्य माझं नाही. मी दुकान सोडून मीनाच्या मागे निघालो तेव्हा बाबा कित्येक दिवस धड बोलत नव्हते. एअरपोर्टवर मीही असंच विचारलं होतं आणि त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. ट्रान्सफर काय फक्त क्वार्टरबॅकच घेतात?

 वेस्लीने एकदा वाकून मला मिठी मारली, आणि गेला. स्टूल मी कोपऱ्यात ढकललं.

उन्हाळ्यात फोन वाजला. त्या मोठ्या स्कूलचा इक्विपमेंटवाला.

"तुमचा वेस्ली आलाय. त्याला बॉल कसा आवडतो, सांग ना."

"त्यालाच विचार."

"विचारलं. इथे माझ्याकडे मशीन आहे, चार माणसं आहेत. आणि तो म्हणतो, गुरुवारी तासभर वेळ आणि बसायला एक बुटकं स्टूल द्या. हा काय प्रकार आहे?"

 फोन लांब धरून खाकरलो.

"दे की मग," मी म्हटलं. "आणि तो घासत असताना तू मध्ये बोलू नकोस."

आमच्याकडेही नवा क्वार्टरबॅक आलाय. त्याचंही तिसरं स्कूल. तो यायच्या आधीच त्याची पसंती ई-मेलने आली, फोटोंसकट. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो, की मुलाला काय हवं ते त्याच्या मागच्या स्कूलला विचारू नये. ती ई-मेल मी अजून उघडलेली नाही. काल तो दारात येऊन "हाय सर" म्हणाला, तेव्हा मी कोपऱ्यातलं स्टूल काढून पुसत होतो.