ॲसिडवाला इस्माईल

माझ्या नवऱ्याला आता आळेफाट्यावर ॲसिडवाला म्हणत्यात. बावीस वर्षं गाड्या धुतल्या, पर ॲसिडची बाटली ज्यांनी दारात येऊ दिली न्हाई, त्यांना. मी इशरत, त्यांची बायको. ते काही बोलायचे न्हाईत, म्हणून मी बोलते. कुणाला राग आला तर येऊ दे.

आमचं वॉशिंग सेंटर हाय. हिकडचं बोअरचं पाणी लई क्षाराचं, चहाच्या पातेल्यालाबी पांढरं कीट धरतं. तसलं पाणी गाडीवर उन्हात वाळलं की थेंबाथेंबाचा डाग ऱ्हातो आन साबणाला दाद देत न्हाई. ह्यांचं काम बघत ऱ्हावं असं. गाडी सावलीत घ्यायची, पत्रा गार होऊ द्यायचा. सिरक्यात, म्हंजी व्हिनेगरात, पाणी घालून त्यात फडकं भिजवायचं, डागावर मिनिटभर ठेवायचं आन मग हलक्या हातानं पुसायचं. शेवटी फिल्टरचं पाणी. एका दाराला अर्धा तास. मी म्हणायची, "अहो, गाडी धुताय का नवरीला हळद लावताय?" तर नुसतं हसायचे. भिंतीवर त्यांनीच रंगवलंय, 'इथे ॲसिड वापरत नाही'.

रमजानचे दिवस व्हते, ह्यांचा रोजा. सकाळी डिंगोऱ्याचे कुशाबा आले, सत्तरीचे असतील, शेजाऱ्याला गाडी चालवायला लावून. शेजारी गाडी लावून लगेच एसटीनं माघारी गेला. गाडी काळी, नवी कोरी, आन अंगभर पांढरे ठिपके. पर खरं दुखणं बॉनेटवर व्हतं. हातभर जागेत चकाकी गेलेली, राख चोळल्यावानी, आन त्यातनं खाली ओघळ.

ह्यांनी नख फिरवलं, मग वास घेतला. "काय लावलं आबा?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "ठिबकचं ॲसिड."

आमच्याकडं ठिबकच्या नळ्या क्षारानं तुंबल्या की शेतकरी ॲसिड सोडतो आन नळ्या मोकळ्या करतो. म्हाताऱ्यानं तोच हिशेब केला. नळीतला क्षार जातो तर गाडीवरचा का न्हाई जाणार?

मग सगळं बाहेर आलं. गाडी पोराची, अमृतची. अमृत सहा वर्षांनी घरी आलेला. सहा वर्षांमागं त्यानं तणनाशकाचा पंप न धुता फ्लॉवरवर औषध मारलं, उभा प्लॉट जळाला. कुशाबानं चार माणसांत त्याच्या कानाखाली काढली आन म्हणाला, गाढवालाबी एवढी अक्कल असती. पोरगं पुण्याला गेलं ते गेलंच. आईच्या दहाव्याला आलं, तवाबी बापाशी न बोलता घाटावरनंच माघारी गेलं. आता आलं, गाडी जनावरांच्या घासाच्या वावराकडंला लावली आन दोस्ताबरोबर जुन्नरला गेलं. म्हाताऱ्यानं घासाला स्प्रिंकलर लावला, वारं फिरलं, दोन दिवस पाणी गाडीवर. डाग बघून घाबरला आन ॲसिड घेतलं.

"जे त्यानं केलं व्हतं तेच मी केलं," म्हातारा म्हणाला. "आता त्याला कोणतं तोंड दाखवू? चार वाजता गाडी न्यायला हिथंच येतोय. एवढं काढा इस्माईलभाऊ, पाया पडतो."

ह्ये बसले कामाला. दारांवरचे डाग सुटले, टपावरचेसुद्धा सुटले. बॉनेटवरचा सुटंना. पॉलिशचं कंपाउंड लावलं, मशिन फिरवलं, पुन्हा हातानं घासलं. घशाला कोरड, पाण्याचा थेंब न्हाई, दुपार कलली तरी माणूस उठला न्हाई. तीन वाजता फडकं खाली ठेवलं. "आबा, रंग खाल्लाय त्यानं. माझ्या हातात न्हाई."

तवा म्हातारा बोलला. "मग तुमच्याकडनं झालं म्हणा."

माझं डोकंच फिरलं. "लाज न्हाई वाटत? तुमी करायचं आन आमी निस्तरायचं? बावीस वर्षांचं नाव हाय ह्यांचं." ह्येबी उठून आत गेले, न्हाई म्हणाले, दोनदा म्हणाले. म्हातारा तिथंच वल्या फरशीवर बसला. रडलाबी न्हाई, नुसता रस्त्याकडं बघत ऱ्हायला.

अमृत आला. बॉनेट बघितलं आन बापाकडं वळला. "आबा, हे कुणी केलं?"

म्हातारा फरशीला हात टेकून उठायला लागला. तेवढ्यात ह्ये बाहेर आले. "माझ्याकडनं झालं, भाऊ. चुकीची बाटली उचलली."

मी तोंड उघडलं तर ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की माझी जीभ जागच्या जागी ऱ्हायली. अमृत नको नको ते बोलला. बॉनेटमागं भिंतीवरची अक्षरं येतील असा फोटो काढला. ह्ये हात बांधून ऐकत व्हते. शेवटी पोरानं बापाच्या दंडाला धरून उठवलं. "चला आबा, घरी. तुमी कशाला मनाला लावून घेता?" म्हातारा गाडीत बसला. आमच्याकडं बघायची त्याची हिंमत झाली न्हाई.

तो फोटो रात्रीच सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. महिना झाला, गाड्या पलीकडच्या सेंटरला जात्यात. ह्ये सकाळी शटर उघडत्यात, फडकी धुवून वाळत घालत्यात आन खुर्चीत बसत्यात. काल मला ऱ्हावलं न्हाई. अमृतचा नंबर काढला आन लावला. ठरवलंच व्हतं, सगळं सांगून मोकळं व्हायचं. त्याच्या बापाची सगळी करणी.

फोन उचलला. पलीकडं भांड्यांचा आवाज, कुशाबा काहीतरी मोठ्यानं सांगत व्हता. "आबा, तुमी जेवा, मी बोलतो," अमृत म्हणाला. मग मला, "कोण?"

"वॉशिंगवाल्याची बायको," एवढंच निघालं.

"आता काय काम हाय?"

मी म्हणलं, "काही न्हाई." आन फोन ठेवला.

ह्ये दारातच उभे व्हते. कुणाला लावला व्हता, ते विचारलं न्हाई. "म्हातारा कसा हाय?" म्हणाले.

"बरा हाय," मी म्हणलं. "पोराबरोबर जेवतोय."