उजवा, डावा आणि इंदूअक्का

इंदूअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी अवरेकाई, म्हणजे वालाच्या शेंगा, सोलत बसले होते. पुतण्यानं दोन वाक्यांत सांगून फोन ठेवला आणि, खोटं कशाला बोलू, मला रडू आलं नाही. नाकात एकदम पिकल्या केळ्यांचा वास भरला… माझी ही मोठी नणंद आणि तो वास मनात कायमचे जोडले गेलेत, त्याला कारण एक विमान. आज तीन आठवड्यांनी ते लिहायला बसले आहे.

साठच्या दशकातली गोष्ट. बेळगावहून लग्न होऊन मी कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या घरात आले होते. अक्का मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांच्या मामेभावानं विलायतेहून एक खोका आणला, रेडिओच्या लहरींवर उडणाऱ्या छोट्या विमानाचा लाकडी संच. बाल्साचं लाकूड, हातात घेतलं तरी आहे की नाही कळू नये इतकं हलकं! खोक्यातला मोठा आराखडा पाटावर पसरायचा, त्यावर पंखांच्या फासळ्या टाचण्यांनी रोवायच्या, चिकटवायच्या, घासायच्या. अक्का शाळेतून आल्या की चहासुद्धा उभ्यानं घ्यायच्या. मीही भाजी चिरायची सोडून घासायला बसायचे. पंखांवर पातळ कागद ताणून त्यावर एक रोगण फासलं आणि घरभर केळ्यांचा घमघमाट सुटला. सासूबाई तीन दिवस कोठीत घड शोधत होत्या. "अगं, कुठं पिकत घातल्यात केळी? मला बी सांगा की!" आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसत होतो.

विमान तयार व्हायला वर्ष गेलं. रेडिओच्या परवान्यासाठी अक्कांनी किती अर्ज केले, ते मोजणंच सोडून दिलं होतं. आणि मग कळलं की उडवणं हे बनवण्याहून अवघड. बटण एकच. दाबलं की शेपटीचं सुकाणू उजवीकडे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की डावीकडे. म्हणजे मागचा दाब कुठला होता हे पक्कं लक्षात हवं. त्यात विमान आपल्याकडे येऊ लागलं की आपली उजवी-डावी उलटी होते. त्यावर अक्कांनी तोडगा काढला. विमान समोरून आलं की त्यांनी त्याच्याकडे पाठ करून मान वळवून बघायचं, आणि दाब मोजायचे मी. गच्चीवर आठवडाभर आमची तालीम चालली. मी ओरडायचे, "उजवा! डावा!" आणि शेजारच्या अम्मा कठड्यावरून विचारायच्या, "काय अक्का, कवायत का?"

रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मैदानावर गेलो. पलीकडे नाचणीचं शेत, त्याच्या कडेला निलगिरीची झाडं. तिथं काही हौशी सद्गृहस्थ आपापली विमानं उडवत होते. त्यातले एक टोपीवाले पुढे आले. "मेडम, पहिलं उड्डाण आमच्याकडे द्या. मोडलं तर असला संच पुन्हा मिळायचा नाही." आमचे हेसुद्धा हळूच म्हणाले, "अक्का, सरी, ठीक आहे, देऊन टाक की." अक्कांनी पदर खोचला. "मोडलं तर माझ्या हातनं मोडू दे. मी केलंय ते, मीच उडवणार."

आणि ते उडालं! मी घासलेला पंख उन्हात चकाकत वर गेला, आणि मला इतका आनंद झाला की मी नुसती बघत राहिले. विमान वळून आमच्याकडे येऊ लागलं. अक्कांनी पाठ फिरवली.

"कुसुम, आता कुठला?"

मोजणं केव्हाच राहून गेलं होतं. "डावा!" मी ठोकून दिलं.

अक्कांना डावीकडेच वळायचं होतं, त्यांनी दाबलं. विमान उजवीकडे कलंडलं आणि थेट निलगिरीकडे सुटलं. टोपीवाले ओरडले, हे ओरडले. अक्कांनी बटण सोडलं, पुन्हा दाबलं… शेंडा चुकवून विमान डावीकडे वळलं, इंधन संपलं, आवाज थांबला आणि ते तरंगत नाचणीत उतरलं. आम्ही दोघी साड्या सावरत धावलो. पंखात एक काडी घुसली होती, बाकी विमान धडधाकट! अक्का तिथंच बसल्या आणि पोट धरून हसल्या. मला मात्र हुंदका आला.

"अक्का, मी मोजायचं विसरले होते. तुम्हाला अंदाजानं सांगितलं."

"कळलं मला. विमानानंच सांगितलं." त्यांनी काडी हळूच उपटली. "पुढच्या वेळी माहीत नसलं तर माहीत नाही म्हण. मग मी स्वल्प जपून दाबीन."

परत येऊन त्यांनी भोकावर कागद चिकटवला, टाकी भरली. टोपीवाले आता विमान हातातून सोडायला आपणहून उभे राहिले. मी मोजायला अक्कांच्या शेजारी गेले, तर त्यांनी बटण माझ्या हातात ठेवलं.

"घे. आता तू उडव, मी मोजते."

"मी? अक्का, आत्ताच तर मी…"

पण इंजिन सुरू झालं होतं, विमान सुटलं होतं, आणि अक्का माझ्या कानाशी मोठ्यानं म्हणाल्या, "उजवा."

मी दाबलं.