सुधाताईंचं तीर्थ

पंचवटीतल्या सुधाताई सहसा कशाला घाबरत नसत. गोदावरीचं पाणी ओटीपर्यंत आलं तरी त्या आधी देव माळ्यावर ठेवत आणि मग निवांत चहा टाकत. फक्त मुलाची, यशोधनची, साखर उतरली म्हटलं की बाईंचा धीर सुटे. नऊ वर्षांचा असताना त्याला मधुमेह झाला, तोही इन्सुलिनशिवाय न भागणारा. आता तो तिशी ओलांडलेला, रामकुंडावर यजमानांचे विधी सांगणारा गुरुजी होता. विधी उपाशीपोटी करायचे, आणि लांबले की दुपार होई.

त्यावर सुधाताईंनी आपला तोडगा काढला होता. घाटावर निघताना त्या त्याच्या तळहातावर तीर्थ देत, आणि त्या पंचामृतात मध असा सढळ हाताने घातलेला असे की पळी उभी राहावी. तीर्थाला नाही कोण म्हणणार? आणि तीर्थाने उपास मोडतो, असं कोणत्या गुरुजींनी आजवर म्हटलंय? वर्षानुवर्षं निभावून गेलं होतं.

मग इन्सुलिनचा पंप आला. सोवळ्यात कमरेला खोचायचा एवढासा डबा. दंडावरच्या सेन्सरकडून साखर कळली की तो आपणहून इन्सुलिन कमीजास्त करी. तो वापरायला शिकवण्यासाठी दवाखान्यातली नर्स मोहिनी घरी येई. ही दिंडोरीची गोड बोलणारी मुलगी सुधाताईंना आवडली. पंप मात्र आवडला नाही. घरात नवी सून यावी आणि पहिल्याच दिवशी तिने मिसळणाचा डबा हलवावा, तसं त्यांना झालं. तीर्थातला मध त्यांनी गुपचूप आणखी वाढवला.

पंधरवड्यात यशोधनला घाटावर दोनदा दरदरून घाम फुटला. दुसऱ्यांदा तर यजमानांनीच गुरुजींना धरून बसवलं.

"न्या हे परत, सिस्टर," तो घरी आलेल्या मोहिनीला म्हणाला. "इंजेक्शनंच बरी होती."

मोहिनीने मोबाइलवरचा आलेख त्याच्यापुढे धरला. "दादा, रोज सकाळी साखर चढतेय. ती उतरवायला पंप जादा इन्सुलिन देतो, आणि मग ती खाली घसरते. निघताना काय खाता?"

"काही नाही. कडकडीत उपास."

तो खरंच बोलत होता; तीर्थ काही कोणी खाण्यात धरत नाही. दाराशी उभ्या सुधाताईंना मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. गप्प राहावं तर पंप परत जाणार, आणि बोलावं तर आपणच पोराला घाटावर पाडलं हे त्याच्यासमोर कबूल करायचं.

"मध मी घालते," त्या म्हणाल्या. "तीर्थात. बराच."

मोहिनी उठून त्यांच्याजवळ गेली.

"काकू, इंजेक्शनं होती तेव्हा तुमचं काही चुकत नव्हतं. एकदा टोचलेलं इन्सुलिन मागे घेता येत नाही. पण साखर उतरायला लागली की हा पंप आपला हात आखडता घेतो. एक दिवस बघा तरी. आणि अगदीच उतरली, तर दादांच्या पिशवीत साखर असतेच."

यशोधनच्या साखरेचा आकडा आईच्या मोबाइलवरही दिसेल, अशी सोय करून ती गेली.

दुसऱ्या दिवशी सुधाताईंनी नुसतं तुळशीपाण्याचं तीर्थ दिलं. तो गेल्यावर त्या मोबाइल धरून बसल्या. आकडा उतरू लागला. शंभर. ब्याण्णव. त्यांनी पायात चपला सरकवल्या, मधाची बाटली उचलली. चौऱ्याऐंशी. कडीला हात घातला, मोहिनीचं ‘एक दिवस बघा तरी’ आठवलं, आणि घाटाकडे धावायचं सोडून बाई उंबऱ्यावरच बसल्या. आकडा ब्याऐंशीवर टेकला, तिथेच रेंगाळला आणि मग हळूहळू वर सरकला. सुधाताई पोटभर रडल्या. जीव भांड्यात पडला म्हणून, आणि आता आपलं इथे काय काम उरलं, म्हणूनही.

दुपारी यशोधन आला तो थेट स्वयंपाकघरात.

"आई, भूक लागलीय गं. सपाटून."

सुधाताईंनी ताट घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या घड्याळ बघून, आकडे बघून, भीतीपोटी त्याला भरवत आल्या होत्या. दुखणं जडल्यापासून या पोराला त्यांनी कधी भूक लागूच दिली नव्हती.