केवळाबाईच्या पोटातल्या सात गाठी

माझं लग्न आईच्या पोटातल्या गाठींनी लावलं. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आई, केवळाबाई, नायगावजवळच्या आमच्या शेतात दिवसभर खपायची आणि छातीत जळजळलं की पित्ताची गोळी गिळायची. दहा वर्षं, रोज, कुणाला न विचारता. शेवटी नांदेडला दुर्बीण घातली तेव्हा जठरात सात बारीक गाठी दिसल्या. डॉक्टरांनी तुकडा तपासला, गाठी साध्या आहेत म्हणाले, रोजची गोळी बंद केली, दोन वर्षांनी पुन्हा बोलावलं. माझा थोरला भाऊ शिवशंकर मात्र ‘गाठी’ एवढंच ऐकून बाहेर आला.

“आईला कायबी सांगायचं न्हाई,” त्यानं घरात दम भरला. मग काय, आईसमोर सगळे दात काढायचे आणि मागं डोळे पुसायचे. तिचं खुरपं काढून घेतलं, तिखट तोडलं, धडधाकट बाईला बाजेवर बसवलं. आईच्या डोळ्यादेखत व्हावं म्हणून सहा आठवड्यांत माझं लग्नही उरकलं. मी तेव्हा लातूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. होस्टेलवरची माझी पेटी या शहाण्यानं परस्पर उचलून आणली!

चार वर्षं झाली तरी आई मरायचं नाव घेईना. दोन वर्षांनी व्हायची दुर्बीण शेवटी गेल्या महिन्यात झाली, मीही सासरहून, अहमदपूरहून गेले. चार गाठी गायब होत्या, उरलेल्या तीन आणखी बारीक झालेल्या.

“गोळी थांबली की अशा गाठी बऱ्याचदा विरतात,” डॉक्टर म्हणाले. “कॅन्सर नाही, हे जुन्या रिपोर्टमध्येच लिहिलंय.”

“कॅन्सर?” आई म्हणाली. “कुणाला?”

दवाखान्याच्या दारात तिनं शिवशंकरकडून सगळं वदवून घेतलं आणि चारचौघांत त्याला फाडून खाल्लं. मला बरं वाटलं. मीही तोंड सोडलं, “माझं कालेज बुडिवलंस तू!”

तशी आई माझ्याकडं वळली.

“त्यो धाव्वी नापास हाय. त्याला त्यो इंग्रजी कागद कळला न्हाई. तू तर शिकत हुतीस. तू का न्हाई वाचलास?”

लग्नाआधी महिनाभर त्या रिपोर्टची फाईल आमच्या कपाटात होती. आई कधी मरणार ते त्यात लिहिलं असेल, या भीतीनं मी त्या फाईलला हातच लावला नव्हता.